भाऊ, पाचच दे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं मेडिकल आहे. गोळ्यांची पट्टी कापताना एक्स्पायरीची बाजू मी माझ्याकडे ठेवतो. उरलेल्या गोळ्या विकायच्या तर तारीख दिसली पाहिजे. जुलै-ऑगस्टात कात्री सारखी चालते. पैसा बियाण्यात, खतात गेलेला असतो आणि कापूस घरी यायला दिवाळी उजाडते. "भाऊ, पाचच दे. बाकीच्या चुकारा भेटल्यावर नेतो."

कोणती गोळी सुटणार, तेही ठरलेलं. गुडघ्याची सुटत नाही, तिच्याशिवाय निंदायला बसता येत नाही. बीपीची सुटते. बीपी कुठं दुखते?

इन्सुलिनचं त्याहून वाईट. आमच्या एका मावशीला दिवसाला 30 युनिट लिहून दिलेत. 10 मिलीच्या बाटलीत 400 युनिट, म्हणजे 13 दिवसांत ती संपायला पाहिजे. मावशी येते महिन्यानं. घरी फ्रिज नाही, बाटली स्टीलच्या डबीत घालून माठाखालच्या ओल्या रेतीत ठेवते. विचारलं तर म्हणते, "जेवण कमी करतो मी, तं सुई बी कमी."

सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ना, असं शहरातले पाहुणे मलाच ऐकवतात. मिळते. 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. पण ऑटोचं भाडं लागतं, ऐन निंदणात रोजी पडते, आणि औषध आलं आहे की नाही हे तिथं पोचल्यावरच कळतं. पाहुण्यांनी एकदा मावशीसोबत जाऊन बघावं.

मावशीच्या दिराचा पाय साखरेनं गेला. ऑपरेशन सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झालं, एक रुपया लागला नाही. ती योजना होती म्हणून माणूस वाचला, त्याबद्दल वाद नाही. पण ती भरती झालेल्यासाठी आहे. सुट्टी झाल्यावर थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, पुढच्या पुन्हा माझ्याच वहीत.

या वहीचीही एक गंमत आहे. मला वाटायचं, उधार दिलं की औषध चुकणार नाही. झालं उलटंच. बाकी वाढली की लोक दुकानासमोरून जाणंच टाळतात, देवळामागच्या बोळीनं बस स्टँडवर जातात. गोळ्या संपत आल्या असतील तेव्हा मी आता फोन लावतो आणि आधीच सांगतो, "काकाजी, पैशासाठी नाही केला." तरी बरेच जण उचलत नाहीत.