कुत्रं चावलं: लस लगेच मिळाली, सिरमसाठी जिल्हा गाठावा लागला

आण्णांच्या उजव्या अंगठ्यात आणि तळहाताच्या कडेला दात चांगलेच रुतले होते. कुत्रं आमच्या आळीत फिरणारं, पण कुणाच्याच मालकीचं नाही. चुलतीनं हळद आणि चुना कालवून आणला होता. तो बाजूला ठेवला आणि आण्णांचा हात वाहत्या नळाखाली धरला. कपड्यांचा साबण लावून, घड्याळात बघून पंधरा मिनिटं. रेबीजच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं. आण्णा दुसऱ्याच मिनिटाला "झालं की रे" म्हणायला लागले, पण हात सोडला नाही.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढला. सिस्टर म्हणाल्या, "थोडं थांबा काका, अजून कुणी आलं की बाटली फोडते." मला राग आला होता, पण त्यामागचं गणित नंतर कळलं. सरकारी दवाखान्यात ही लस कातडीत देतात, दोन्ही दंडांवर फक्त 0.1 मिली. एका बाटलीत कितीतरी जणांचं भागतं, आणि फोडलेली बाटली काही तासांतच संपवावी लागते. थोड्याच वेळात शेळ्यांमागं गेलेली दोन पोरं पोटऱ्या धरून आली आणि बाटली फुटली.

आण्णा मात्र सदऱ्याची बटणं सोडून पोट पुढं करून बसलेले! त्यांच्या लहानपणी थोरल्या काकांना पोटात चौदा इंजेक्शनं घेताना त्यांनी पाहिलं होतं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्याकडं 2004-05 च्या सुमारास बंद झाली, पण तिची धास्ती अजून गेलेली नाही. रांगेतल्या एका बाईंचा नवरा याच भीतीनं घरी बसला होता, असं त्या सांगत होत्या.

डॉक्टरांनी पेपरवर 'श्रेणी 3' लिहिलं. कातडी फाटून रक्त आलं की तिसरी श्रेणी, आणि तिथं नुसती लस पुरत नाही. लसीमुळं अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर विषाणूला जखमेतच अडवायला तयार अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, लागतात, त्यालाच सगळे 'सिरम' म्हणतात. हाताच्या बोटांत मज्जातंतूंचं जाळं दाट, म्हणून तिथला चावा जास्त धोक्याचा. आणि सिरम शिल्लक नव्हतं. "परवा चौकशी करा," असं उत्तर मिळालं. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सिरम चालतं हे खरं, पण ते पहिल्या डोसबरोबरच मिळायला हवं. आम्ही चिठ्ठी लिहून घेतली आणि तडक जिल्ह्याला गेलो.

तिथं आधी वजन केलं, कारण मात्रा किलोवर ठरते: घोड्यापासूनचं सिरम असेल तर किलोला 40 युनिट, माणसापासूनचं असेल तर 20. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनं काढलेली मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली, अँटिबॉडीही आता मिळते. आण्णांना घोड्याचं दिलं. ते दंडात टोचत नाहीत, जखमेच्या आत आणि भोवती भरतात. अंगठ्यात मावून मावून किती मावणार? मावलं तेवढंच भरलं. आण्णा ओरडले नाहीत, पण माझ्या मनगटावर त्यांची नखं उमटली. जखमेला टाके घातले नाहीत, उघडीच ठेवली.

पुढचे डोस 3, 7 आणि 28 व्या दिवशी. शेजारच्या मास्तरांनी "पाच लागतात, तुम्हाला चारच दिले" म्हणून घोळ घातला. पाच डोस दंडाच्या स्नायूत घेतात तेव्हाचे, खाजगीत बहुधा तेच देतात. कातडीतल्या पद्धतीत चारच.

खरी कसोटी 28 व्या दिवसाची. जखम भरलेली, भाच्याचं लग्न तोंडावर आलेलं, आण्णा म्हणाले, "आता कशाला?" असं म्हणणारे ते एकटे नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचे 2025 मध्ये छापून आलेले आकडे सांगतात की देशात वर्षाला सुमारे 91 लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजनं साधारण 5,700 माणसं जातात. 2003 च्या पाहणीत हाच अंदाज 20,000 होता, म्हणजे उतार मोठा आहे. पण लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, आणि हे दुखणं बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी उठतं. जखम भरली याला इथं काडीचाही अर्थ नाही. हे आण्णांना मी सांगून पटलं नाही, सिस्टरांनी फोनवर दरडावल्यावर पटलं.

गोव्यानं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. तिथं वर्षानुवर्षं कुत्र्यांनाच लस टोचली आणि 2021 मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य ठरलं. आमच्या ग्रामपंचायतीत हा विषय काढला, तर चर्चा कुत्री कुठं नेऊन सोडायची इथंच अडली. नेऊन सोडली की रिकाम्या जागेत दुसरी, बिनलशीची येतात, हे सांगणारा मी एकटाच होतो.

आण्णांचं कार्ड आता रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. पुन्हा चावलं तर लगेच एक आणि तिसऱ्या दिवशी एक, असे दोनच डोस. सिरम लागत नाही. पण त्यासाठी आधीचे डोस पूर्ण झाल्याची नोंद दाखवावी लागते.