चौसष्टात एक

पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिवस गेले. सोनोग्राफी होईल, रक्त-लघवी तपासतील, लोहाच्या गोळ्या देतील, एवढंच मी धरून चालले होते. पण कणकवलीच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमच्या आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता का?" मला काहीच माहीत नव्हतं. बाहेर बाकावर बसून आईला फोन लावला.

"माका झटके इल्ले गो तुझ्या वेळेक," ती म्हणाली. "भायरची बाधा म्हणान नारळ काढून ठेवलो. मगे गाडी करून दवाखान्यात नेल्यानी."

म्हणजे इतकी वर्षं आमच्या घरात ही गोष्ट बाधा म्हणूनच जमा होती. मॅडमनी माझ्या कागदावर लिहिलं: आईला गरोदरपणात झटके, पहिलीच खेप, वय ३५, वजन उंचीच्या मानाने जास्त. प्रीएक्लॅम्प्सियाची शक्यता मोजायला सुरुवात या माहितीपासून होते. या आजारात विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जातं, बहुतेक वेळा लघवीतून प्रोटीन जायला लागतं, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर यकृत, किडनी, मेंदू यांपर्यंत प्रकरण जातं. झटके हा त्याचा शेवटचा टप्पा. आईला तेच झालं असणार, असं मॅडमचं मत पडलं.

मी पतसंस्थेत काम करते, आकड्यांना घाबरत नाही. पण हा हिशेब मला नवा होता. या आजाराचं मूळ वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, असतं. वार गर्भाशयात रुजताना तिथल्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात आणि हे काम साधारण अठरा-वीस आठवड्यांपर्यंत उरकतं. ते नीट झालं नाही तर त्रास मात्र दिसतो कितीतरी उशिरा, सातव्या-आठव्या महिन्यात. म्हणून तपासणी लवकर, ११ ते १४ आठवड्यांच्या मध्ये. त्यानंतर हा हिशेबच लागू पडत नाही.

आमच्याकडे हा काळ आला मे महिन्याच्या शेवटी. देवगडात त्या दिवसांत कोणाला फुरसत नसते. आंबा संपत आलेला, उरलेला माल पावसाच्या आत काढायचा, घरभर पेंढा आणि खोके. नवरा म्हणाला, आठवड्याने जाऊ या का? मी आठवडे मोजून दाखवले. सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. नांदगाव तिठ्यापर्यंतच्या वळणांनी पोटात जे व्हायचं ते झालंच.

सोनोग्राफीच्या आधी फॉर्म भरून सही करावी लागते. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, असं आपण लिहून देतो. १९९४ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. मग बाळाची लांबी मोजली, मानेमागच्या पातळ पाण्याच्या थराची जाडी मोजली. ही मोजणी सगळ्यांचीच होते. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी गर्भाशयाकडे जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलरही केला, म्हणजे त्यांतून रक्त कसं वाहतं ते सोनोग्राफीवर पाहिलं. पडद्यावर करवतीच्या दातांसारख्या रेघा सरकत होत्या. दोन टोकांमधली दरी जितकी खोल तितका त्या वाहिनीत रक्ताला अडथळा जास्त, असं त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

बीपी घ्यायची पद्धत मला सगळ्यात आवडली. नेहमी कसं, आपण धापा टाकत आत जातो, नर्स बोलता बोलता पट्टा बांधते आणि आकडा लिहून मोकळी होते. इथे आधी पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नाही. दोन्ही दंडांना पट्टे, दोन्हींचं माप, थोड्या वेळाने परत. माझं १२८/८४ आलं. कुठल्याही दवाखान्यात याला नॉर्मल म्हणतील. पण इथे वरचा-खालचा वेगवेगळा बघत नाहीत, सरासरी दाब काढतात: खालचा आकडा अधिक दोहोंतल्या फरकाचा तिसरा भाग. माझा ९९ च्या आसपास गेला. बाराव्या आठवड्यात बीपी खरं तर थोडं उतरायला हवं, त्या मानाने हा जास्त होता.

रक्ताच्या दोन नळ्या मुंबईला गेल्या. एक डबल मार्कर, दुसरी पीएलजीएफ, म्हणजे वारेतून निघणारं एक प्रोटीन. वार नीट रुजत नसेल तर ते कमी भरतं.

मग जे झालं त्याचा राग अजून आहे. नमुना ज्यांनी घेतला त्या लॅबमधून शनिवारी संध्याकाळी फोन आला. "मॅडम, तुमचा डबल मार्कर हाय रिस्क आलाय, डॉक्टरांना भेटा." बस. रविवार मध्ये होता. डबल मार्कर म्हणजे डाउन सिंड्रोमची तपासणी, एवढं मला माहीत होतं. त्या दोन रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. सोमवारी मॅडमनी कागद उलगडला तर डाउनचा धोका हजारांत एकाहूनही कमी होता. लाल चौकट होती खालच्या ओळीत: ३७ आठवड्यांच्या आत प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता, १:६४. एकाच पानावर दोन वेगळे हिशेब आणि वाचणाऱ्याने सगळ्यात वरचं नाव फोनवर सांगून टाकलेलं. कुणाला असा फोन आला तर कशाचा धोका आणि आकडा किती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवू देऊ नका. नाहीतर कागदाचा फोटो मागून घ्या.

१:६४ म्हणजे माझ्यासारख्या चौसष्ट बायका घेतल्या तर त्यातल्या एकीला होईल, त्रेसष्ट जणींना नाही. मग 'हाय रिस्क' कसं? तर शंभरात एक ही रेघ धरलेली आहे, मी तिच्या वर. नवऱ्याला हे पटकन कळलं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे होडी बुडाली असं नाही, पण होडी वर ओढून ठेवतात. उलटंही खरं. ज्यांचा आकडा कमी येतो त्यांना काही होणारच नाही, असं नाही. या पद्धतीत ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या चार केसेसपैकी साधारण तीन पकडल्या जातात, चौथी सुटते. आणि पूर्ण दिवसांच्या सुमारास होणाऱ्यातल्या निम्म्याही सापडत नाहीत.

होडी ओढायची ती कशाने? ॲस्पिरिनने. रोज रात्री १५० मिलिग्रॅम, ३६ व्या आठवड्यापर्यंत. २०१७ मध्ये याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशाच जास्त धोक्याच्या बायकांना निम्म्यांना गोळी दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. गोळीवाल्यांत ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया १.६ टक्के, दुसऱ्यांत ४.३ टक्के. पण ३७ नंतरच्या त्रासावर गोळीचा तसा परिणाम दिसला नाही. हे मॅडमनी मला तेव्हाच स्वच्छ सांगितलं होतं, म्हणून पुढे माझा विश्वास उडाला नाही.

घरी ॲस्पिरिन म्हणजे हार्टची गोळी. सासूबाई म्हणाल्या, "रक्त पातळ होईल, पोरीला काय झालं तर?" शेजारच्या काकूंनी लेकीला विचारून येते म्हटलं. मी वाद घातला नाही. पुढच्या खेपेला सासूबाईंनाच बरोबर नेलं आणि मॅडमपुढे बसवलं. त्यांनी मनातलं सगळं विचारून घेतलं. त्यानंतर रात्री नऊला गोळीची आठवण करून द्यायचं काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं, आणि आमच्या घरात त्यांनी घेतलेलं काम चुकत नाही.

बीपीचं मशीन विकत आणलं. दंडाला बांधायचं, मनगटाचं नको, असं सांगितलं होतं. सकाळी चहाच्या आधी पडवीत खुर्चीवर बसायचं, पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, आणि आकडा दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाच्या चौकटीतच. 'दीड लि., १२४/८०' असं. दूधवाला हिशेबाला आला की आधी माझं बीपी वाचायचा. गंमत म्हणून आईचंही मोजलं, १६४/९६. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. तिची गोळी त्या आठवड्यात चालू झाली.

पावसाळ्यात कणकवली लांब पडते, म्हणून मधल्या तपासण्या ग्रामीण रुग्णालयात. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गरोदर बायकांची तपासणी असते, स्त्रीरोगतज्ज्ञ येतात, पैसे पडत नाहीत. आशाताईंनी माझ्या कार्डावर लाल स्टिकर लावला तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला. पण त्या स्टिकरमुळेच रांगेत पुढे घेतलं जाई, आणि बीपीच्या पट्ट्याशिवाय, लघवीच्या पट्टीशिवाय कोणी परत पाठवत नसे. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी ठीक निघाली. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलं, दोन तासांनी रक्त. १४० ची मर्यादा, माझी १२६. ते पाणी पिणं ही मात्र शिक्षा आहे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा दुसऱ्या दिवशी, असं सिस्टरनी बजावलं होतं. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत तो अर्धा तास काढला.

बाळंतपण कुठे, हे ठरवणं सगळ्यात कठीण गेलं. माहेरचे म्हणत गोवा, नवरा म्हणे कोल्हापूर. मॅडमनी आठवड्यांवर ठरवलं. ३४ च्या आत काही झालं तर बाळाला काचेत ठेवावं लागणार, तेव्हा थेट कोल्हापूर. ३६ पार झाले तर कणकवलीत चालेल. फोंडा घाटातून रात्री कोण गाडी चालवणार, त्याचं नाव आणि नंबर दिनदर्शिकेच्या मागे लिहिला. शिवाय १०८. डोकं सारखं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे आले, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर बीपी काहीही असो, निघायचं.

यातलं काही लागलं नाही. दिवाळीत, पस्तीस आठवडे होऊन गेल्यावर, फराळाचे डबे भरता भरता मोजलं तर १४४/९२. पंधरा मिनिटांनी १४२/९२. डबे तसेच ठेवून निघालो. लघवीत प्रोटीन नव्हतं, प्लेटलेट्स आणि यकृताचे आकडे ठीक. मॅडमनी आणखी एक रक्त मुंबईला पाठवलं. त्यात दोन प्रोटीनचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बघतात, आणि ते ३८ च्या खाली असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फारच कमी. माझं २९. बीपीची गोळी सुरू केली, बाळाची वाढ आणि नाळेतलं रक्त पाहिलं, बाळाची हालचाल मोजायला सांगितली. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर मात्र वाट बघायची नाही असं ठरलं. कळा आणल्या, त्या पुरेनात, शेवटी सिझर. मुलगी २ किलो ४०० ग्रॅम. रडली खणखणीत, काचेची गरज पडली नाही.

बाळ झालं की संपलं असं घरी सगळ्यांना वाटलं. बीपी खरं तर बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून पुन्हा वर जाऊ शकतं, आणि झटकेही त्यानंतर येऊ शकतात. माझं चौथ्या दिवशी १४८ गेलं. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीच्या गडबडीत मशीन कुणालाच नको होतं, पण मी ते उशाशी ठेवलं. दीड महिन्याने गोळी बंद झाली. आता वर्षातून एकदा बीपी आणि साखर बघायची, कारण गरोदरपणात बीपी झालेल्यांना पुढे ते कायमचं जडण्याची शक्यता जास्त असते.

दुसऱ्या खेपेला ॲस्पिरिन पुन्हा बाराव्या आठवड्यापासून, असं मॅडमनी फायलीवर आत्ताच लिहून ठेवलंय. माझा तसा विचार नाही. सासूबाईंचा आहे.