आमची वाटचाल : धानपट्ट्यातली ओलीची बाग

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या ब्रह्मपुरीकडे धान सोडून दुसरं काही विकतो म्हटलं की लोक आधी हसतात. आमची नर्सरी सुरू झाली वांगी-मिरचीच्या रोपांवर. गिऱ्हाईक शेतकरी, धंदा दोन महिन्यांचा आणि उधारी वर्षभराची. शोभेची झाडं पुढे आली, तीही गावातल्या नोकरदार मंडळींनी मागितली म्हणून. पण इकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या पार जातो. सकाळी पाणी घातलेली छोटी कुंडी दुपारी खडखडीत. मे लागला की वाळकी झाडं घेऊन माणसं दारात हजर.

मग आम्ही कुंडी मोठी केली आणि झाडं ओलीची, म्हणजे ओल्या मातीत रमणारी घेतली. २०० लिटरचा ड्रम मधोमध आडवा कापला की दोन टाकी होतात. ड्रम खाण्याच्या वस्तूंचाच घेतो. रसायनाचा स्वस्तात मिळाला तरी नको. भोक बुडाला पाडायचं नाही, बाजूला चार बोटं वर पाडायचं. तेवढं पाणी खाली राहतं, जास्तीचं निघून जातं. निव्वळ काळी माती भरली तर वाळल्यावर ती आकसते, कडेनं फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं. म्हणून तिच्यात कुजलेलं शेणखत आणि राईस मिलचा तूस. तूस लवकर कुजत नाही, माती मोकळी राहते आणि आमच्याकडे त्याला तोटा नाही.

खरा धंदा उभा राहिला तो जोड्या लावण्यावर. कोणतं झाड कोणाशेजारी नांदतं, हे सांगणारं दुकान आसपास नव्हतं. एक ताई चिडून आल्या होत्या : "काऊन वो, दोन्ही अळूच ना? मंग एक फोफावला नि एक सडला कसा?" त्यांनी दुसरीकडून आणलेला 'रंगीत अळू' म्हणजे कॅलेडियम होतं. पानं अळूसारखी, पण त्याचा कंद साचलेल्या पाण्यात सडतो. थंडीत पानं गळून तो झोपतो तेव्हा तर हमखास. आपला अळू बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या चिखलात पाय बुडवून मजेत उभा राहतो. तेव्हापासून आम्ही रोपं दोन रांगांत वेगळी ठेवतो. एकीकडे पाय पाण्यात चालणारी : कर्दळ, अळू, वेखंड, छत्रीगवत, ब्राह्मी. दुसरीकडे ओल हवी पण मुळांना हवाही लागणारी : नेचे, पुदिना, कॅलेडियम. या रांगेतल्या झाडांच्या ड्रमला भोक बुडालाच.

सर्वांत जास्त खपणारा ड्रम असा : मागे कर्दळ, मध्ये अळू, कडेला ब्राह्मी. ब्राह्मी आमच्याकडे बांधीच्या धुऱ्यावर (बांधावर) आपोआप येते, त्यामुळे लोकांना ती विकत घ्यायची गोष्टच वाटत नाही. पण पसरली की माती झाकते, ऊन मातीला लागत नाही आणि ड्रमच्या काठावरून खाली लोंबते तेव्हा छान दिसते. सोनटक्का मागणाऱ्याला आम्ही आधी सावली विचारतो. दुपारचं ऊन थेट पडत असेल तर पानं करपतात. भिंतीच्या पूर्वेला ठेवला तर पावसाळ्यात घरभर वास. पुदिना सोबतीला नकोच, तो सगळ्यांची जागा बळकावतो. वाळाही एकटा, त्याची मुळं ड्रम भरून टाकतात, शेजाऱ्याला काही उरत नाही.

दर्यापूरकडून मागणी आली तेव्हा आधी पाण्याची चौकशी केली. तो खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट. नेचे पाठवलेच नाहीत. ब्राह्मी आणि वाळा दिला आणि छताचं पावसाचं पाणी टाकीत धरायला सांगितलं.

जलकुंभी मात्र आम्ही ठेवत नाही. तलावात फुकट मिळते, फुलंही देखणी. पण ड्रममधून नालीत, नालीतून बोडीत (लहान तळ्यात) गेली की शिंगाड्याचं पाणी झाकून टाकते आणि मासेमारी करणारे ढीवर भाऊ आमच्या नावानं बोटं मोडतील ते वेगळंच.

ताडोब्याच्या बाजूचे होमस्टेवाले आता भरलेले ड्रम मागतात. भरलेला ड्रम हलवायला चार माणसं लागतात, म्हणून भरणी शक्यतो जागेवरच करतो. धानाची रोवणी (लावणी) लागली की मात्र माणूस मिळत नाही, आमची स्वतःचीही बांधी असते. त्यामुळे ज्यांना ड्रम हवेत त्यांनी मृगाच्या आत सांगावं. नंतरचे थेट पोळ्यानंतर.