सी ड्राइव्हला जागा मिळवून देताना: माझा अनुभव

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की आधी सगळे किरकोळ उपाय होतात. टेम्प फाइल्स उडवा, रिसायकल बिन रिकामा करा, डाउनलोड्स हलवा. माझे ते सगळे करून झाले होते. ५०० जीबीच्या एसएसडीवर (विंडोज तिला ४६५ म्हणतं, कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या) सीला जेमतेम १०० जीबी, आणि शेजारचा डी निम्म्याहून जास्त मोकळा. डीची जागा काढून सीला द्यायची, एवढंच काम.

पण डिस्क मॅनेजमेंट (विंडोजमधलं डिस्कचे भाग बदलायचं साधन) उघडलं तर सीवरचा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय करडाच. डी श्रिंक (लहान) करूनही तो उजळला नसता. विंडोज पार्टिशन (डिस्कचा सी, डीसारखा स्वतंत्र भाग) आकसतं ते शेवटाकडून, त्यामुळे मोकळी जागा डीच्या उजवीकडे पडते; सीला मात्र ती स्वतःच्या उजव्या कडेला चिकटूनच हवी. शिवाय सी आणि डी यांच्या मधोमध काहीशे एमबींचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची साधनं असलेलं) ठाण मांडून बसलेलं. त्यावर राइट-क्लिक केलं तर डिलीटचा पर्यायसुद्धा नाही.

जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्रॅमने डीची सुरुवात पुढे ढकलता येते, रिकव्हरीही सरकवता येते. पण सरकवणं म्हणजे आतला डेटा प्रत्यक्ष उचलून दुसरीकडे लिहिणं, आणि मध्येच वीज गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. डीचा बॅकअप मी घेणारच होतो. मग तो सरकवत कशाला बसायचं? सरळ उडवायचा आणि नव्याने करायचा, असं ठरवलं.

म्हणजे सगळी भिस्त बॅकअपवर. तो दोन प्रकारे घेतला. डीमधल्या फाइल्स रोबोकॉपी या विंडोजच्याच कॉपी करायच्या आज्ञेने बाहेरच्या डिस्कवर नेल्या. साध्या कॉपी-पेस्टपेक्षा मला ती बरी वाटते, कारण शेवटी ती एक तक्ता देते: किती फोल्डर, किती फाइल्स, किती कॉपी झाल्या, किती राहिल्या. त्यातल्या ‘फेल्ड’च्या रकान्यात शून्य दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. तरीही काही फोटो आणि जुन्या एक्सेल फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्या. शून्यावर विश्वास आहे, पण डोळ्यांवर जरा जास्त.

दुसरा प्रकार: क्लोनझिला या विंडोजबाहेरून बूट होणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे फाइल्सच्या रूपात अख्ख्या डिस्कची प्रत. त्याआधी दोन गोष्टी कराव्या लागतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर क्लोनझिलाला आतली फाइल सिस्टीम दिसत नाही. मग वापरलेले ब्लॉक तेवढेच घेण्याऐवजी तो रिकामी जागाही जशीच्या तशी उचलतो आणि इमेज अवाढव्य होते. म्हणून आधी बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली, मग डिस्क डिक्रिप्ट केली. दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि बाहेरून बूट केलेल्या प्रणालीला ती फाइल सिस्टीम धड बंद केलेली वाटत नाही.

क्लोनझिलाच्या पडद्यावर सी, डी अशी नावं नसतात. कोणती डिस्क उचलायची आणि इमेज कुठे ठेवायची, हे आकार आणि मॉडेल बघूनच ओळखावं लागतं. इथे घाई नको. इमेज झाल्यावर ती रिस्टोअर होण्याजोगी आहे का, हे तपासायचा पर्यायही मिळतो. वेळ खातो, पण घ्यावा.

प्रत्यक्ष पार्टिशनचं काम त्यामानाने चटकन उरकलं. रीएजंटसी या विंडोजच्या आज्ञेने रिकव्हरीची सोय आधी बंद केली. तेव्हा तिची फाइल सीवर परत येते. मग डी डिलीट केला आणि डिस्कपार्ट या आज्ञांवर चालणाऱ्या साधनात ‘ओव्हरराइड’ (संरक्षित असलं तरी काढ) लावून ते मधलं पार्टिशनही काढलं. डिस्कपार्ट ‘खात्री आहे का?’ वगैरे विचारत नाही, त्यामुळे एंटर दाबण्याआधी निवडलेल्या पार्टिशनचा आकार पुन्हा वाचला. सी २५० जीबीपर्यंत वाढवायला काही सेकंद लागले.

त्याला लागूनच नवं रिकव्हरी पार्टिशन केलं, चांगलं १ जीबीचं. कंजुषी न करण्याला कारण आहे: जानेवारी २०२४मध्ये विंडोज १०चं एक सुरक्षा अपडेट अनेकांकडे केवळ हे पार्टिशन लहान असल्यामुळे अडलं होतं आणि मायक्रोसॉफ्टने ते २५० एमबीने वाढवायला सांगितलं होतं. पार्टिशनला योग्य टाइप आयडी (ते रिकव्हरीचं आहे हे सांगणारी खूण) दिला, रीएजंटसीने रिकव्हरी पुन्हा चालू केली आणि ‘एनेबल्ड’ दिसल्यावर पुढे सरकलो. उरलेल्या जागेत नवा डी. अक्षर मुद्दाम तेच ठेवलं, म्हणजे जुने शॉर्टकट आणि डॉक्युमेंट्सचा पत्ता बदलत नाही.

फाइल्स परत आणल्या, बिटलॉकर चालू केलं. या वेळी रिकव्हरी की नवी तयार होते, त्यामुळे तीही लिहून घेतली आणि जुनी खोडली. क्लोनझिलाच्या इमेजमध्ये मात्र पार्टिशन टेबल (कोणता भाग कुठे, याची नोंद) जुनंच आहे. ती पूर्ण रिस्टोअर केली तर १०० जीबीचा सी परत हजर. तरी नव्या मांडणीवर दोन-चार अपडेट नीट बसेपर्यंत ती पुसणार नाही.