तुम्ही विचारलंत म्हणून: माझा विझार्ड वशीकरण का करत नाही

मी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ, आणि त्यात माझं पात्र विझार्ड, म्हणजे जादूगार. नवीन ग्रुपमध्ये गेलो की दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला हा प्रश्न येतोच. विझार्ड आहेस आणि मंत्रांच्या वहीत चार्म पर्सन नाही, सजेशन नाही, म्हणजे दुसऱ्याचं मन वळवणारे स्पेल नाहीत, पहारेकऱ्याला गुंडाळायची वेळ आली की तू गप्प, असं का? मी आजवर "नाही आवडत" म्हणून सोडून द्यायचो. मग समोरचा म्हणतो, अरे गेम आहे, एवढं काय मनावर घेतोस. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

गेम आहे हे मला माहितीये. आणि मी काही सोवळ्यातला नाही. कर्वेनगरच्या एका फ्लॅटवर आम्ही तीन वर्षं दर रविवारी खेळायचो, तिथला माझा विझार्ड हे सगळे स्पेल टाकायचा आणि मला त्यात जाम मजा यायची. नियम आम्ही इंग्रजीत बोलायचो आणि गावातली माणसं मराठीत, डीएमनं, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि गावकऱ्यांची पात्रं करणारी जी असते तिनं, पहिल्या दिवसापासून तसंच ठेवलं होतं. त्यामुळे "चार्म" हा शब्द कधी टोचलाच नाही. त्याला मराठीत वशीकरण म्हणतात. लोकलच्या डब्यात बाबांची स्टिकरं असतात ना, वशीकरण, खाली मोबाईल नंबर, ती बघून मला लहानपणापासून किळस येते. आणि तोच प्रकार मी माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला होता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

विझार्डला विचारणारं कोणी नसतं, हा मुद्दा आहे. १९७८ च्या नियमांत पॅलाडिननं, म्हणजे धर्मयोद्ध्यानं, जाणूनबुजून वाईट काम केलं की त्याचं पॅलाडिनपण जायचं. क्लेरिकच्या, म्हणजे पुजाऱ्याच्या, डोक्यावर देव असतो. विझार्डची वही जवळ आहे आणि रात्रीची झोप झालीये, एवढं बास. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात जादूच्या शाखांची यादी आहे, त्यात नेक्रोमन्सीपाशी स्पष्ट लिहिलंय की मढी उठवणं हे चांगलं काम नाही आणि वरचेवर ते करणारे दुष्टच असतात. त्याच यादीत एन्चँटमेंटपाशी, म्हणजे वशीकरणाच्या शाखेपाशी, अशी काही ताकीद नाही. मढ्यासाठी ताकीद आहे आणि जिवंत बाईच्या डोक्यात हात घालायला नाही.

बाई म्हणालो कारण बाईच होती. तिच्याबद्दलच सांगायचंय खरं तर.

आम्ही नवव्या लेव्हलला होतो. एका गावाच्या वेशीवर जकात घेणारी बाई होती, तिचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारात दरोडेखोर लपलेत असं कळलं, आम्ही गेलो, आणि मी दारातून आत फायरबॉल टाकला. माझा विझार्ड इव्होकेशनवाला, म्हणजे स्फोटातून चार जणांना वाचवायची सोय माझ्याकडे होती, फक्त ते मला दिसायला हवेत. आत कोण आहे हे मी विचारलं नाही. दरोडेखोरांनी त्या मुलाला आत धरून ठेवलं होतं. साध्या गावकऱ्याचे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, ४. फायरबॉल ८डी६, म्हणजे आठ फासे, सगळ्यांवर एक पडला तरी ८, आणि सेव्ह, म्हणजे स्पेलपासून वाचायचा फासा, जमला तर अर्धे, म्हणजे ४. मी फासे हातात घेतले तेव्हाच तो गेलेला होता. हे गणित मी त्या रात्री घरी जाऊन केलं.

आम्ही बाहेर आलो तर ती वेशीवर उभी. तिनं सगळं बघितलं होतं, माझा हात, ज्वाळा, सगळं. डीएमनं तिला ओरडायला लावलं नाही, ती फक्त म्हणाली, "माझा पोरगा होता आत." टेबलावर एकदम शांत. आणि मी काय केलं, तर स्पेलची यादी काढली.

मॉडिफाय मेमरी. एका स्क्रोलवरून उतरवून घेतला होता, पाचव्या लेव्हलचा, उतरवायला १० तास आणि २५० सोन्याची नाणी. गेल्या २४ तासांतली १० मिनिटांपर्यंतची आठवण बदलता येते. कोठार जळायला तेवढीही लागली नव्हती. डीएमनं तिच्यासाठी फासा टाकला, सेव्ह फेल. मग डीएम म्हणाली, बोल. कारण त्या स्पेलमध्ये नवीन आठवण तोंडानं सांगावी लागते, आणि समोरच्याला कळेल अशा भाषेत. मी इंग्रजीत सुरू केलं तर डीएमनं थांबवलं, "तिला कळेल अशा भाषेत."

म्हणून मी मराठीत बोललो. कोठाराला आग दरोडेखोरांनी लावली. आम्ही धावलो. तुझ्या मुलाला बाहेर काढायला मी आत हात घातला होता. उशीर झाला.

हा शेवटचा भाग मी जागच्या जागी सुचवला, कारण तिनं माझा हात बघितला होता आणि त्या हाताचं काहीतरी करायला हवं होतं. मला ते भारी वाटलं. टेबलावरच्या सगळ्यांना वाटलं, एकानं तर टाळी दिली. मग डीएमनं तिच्या आवाजात म्हटलं, "देवासारखे धावून आलात हो."

तेव्हाही मला काही झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं, जमलं.

नंतर क्लेरिक खेळणारा मित्र म्हणाला की रिमूव्ह कर्सनं तिची खरी आठवण परत येते, माझ्याकडे आहे, करू का? मी म्हणालो नको, उद्या लढाई आहे, तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट राखून ठेव. तो म्हणाला बरं. आता, ज्यांना खेळता येतं त्यांना माहितीये की रात्रभर झोपलं की स्लॉट, म्हणजे दिवसाला मिळणारे मोजके स्पेल, परत येतात. त्या स्पेलला दमडीचा खर्च नाही. तो विझार्डच्या यादीतही आहे, मी स्वतः शिकू शकलो असतो. म्हणजे त्यानंतरची प्रत्येक सकाळ तो स्लॉट परत यायचा आणि आम्ही तो दुसऱ्या कशाततरी घालवायचो. आणि त्या वेशीतून आम्ही पुढे चार-पाच वेळा गेलो, डीएम मुद्दाम करत नव्हती, रस्ताच तो होता, आणि दर वेळी ती आमच्याकडून जकात घ्यायची नाही. "तुमच्याकडनं कसली घेऊ." पहिल्यांदा आम्ही वाचलेले पैसे वहीत लिहिले. तिसऱ्यांदा मी पैसे पुढे केले, तिनं ते परत माझ्या मुठीत ठेवले, आणि मला त्या टेबलावर बसवेना.

तेव्हाचा मी आता समोर असता तर म्हणाला असता, अरे, खरं कळून तिनं काय केलं असतं? आमच्यावर धावली असती आणि मेली असती, नाहीतर जन्मभर जळत बसली असती. दुःख तर तिचं मी घेतलं नाही, मुलगा गेला हे तिला माहीत होतंच, मी फक्त राग घेतला. आणि माझ्याकडे याला पक्कं उत्तर नाहीये. कधीकधी वाटतं त्याचं बरोबर होतं. पण रागच तर तिचा होता ना. मुलगा गेल्यावर तिच्याकडे आमच्याविरुद्ध एवढंच उरलं होतं, आणि मी ते काढून त्या जागी आभार ठेवले. तिला मारलं असतं तरी ती माझी शत्रू म्हणून मेली असती. मी तिला माझी ऋणी केली.

म्हणून चार्म पर्सनमधला एक बदल मला फार मोठा वाटतो. १९७४ च्या पहिल्या नियमांत तो स्पेल कोणीतरी मोडेपर्यंत टिकायचा. १९७८ मध्ये तो बुद्धीवर ठरायचा, म्हणजे जितका भोळा माणूस तितके जास्त दिवस तुमच्या ताब्यात, अगदी मंद असेल तर महिनोन्महिने. २०१४ मध्ये तो एक तासावर आला, आणि संपल्यावर समोरच्याला कळतं की तुम्ही त्याला भुलवलं होतं. खेळणारे या ओळीवर वैतागतात. मला वाटतं ती ओळ त्या माणसाचा राग त्याला परत देते. मग चार्म पर्सन तरी वापर की, असं तुम्ही म्हणाल. तर्कानं बरोबर आहे. मला नाही जमत.

काही जण म्हणतात सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, बोलायचं, एक्स-कार्ड कशाला असतं. एक्स-कार्ड अस्वस्थ वाटलं तर प्रसंग थांबवायला उचलायचं असतं. मला त्या दिवशी अस्वस्थ वाटलं नाही, मी खूश होतो. टेबलावर ज्याला ते उचलावंसं वाटलं असतं ती व्यक्ती खरी नव्हती.

दहाव्या लेव्हलला मी रिमूव्ह कर्स घेतला. अकराव्याला डीएमची नोकरी बंगळूरला गेली आणि कँपेन थांबली. मधे दोनदा त्या वेशीतून गेलो होतो. टाकला नाही. एकदा तोंड उघडलं होतं, मग कोणीतरी इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाई सुरू, म्हणालं आणि राहून गेलं, असं मी लोकांना सांगतो. खरं तर इनिशिएटिव्ह नंतर आलं.

आणि हो, फायरबॉल अजून टाकतो, हे विचारणारेही बरेच आहेत, की माणसं जाळलेली चालतात का तुला. गेल्याच रविवारी टाकला. टाकायच्या आधी विचारलं, आत कोण कोण आहे? नव्या ग्रुपचा डीएम म्हणाला, धूर आहे, दिसत नाही. मी जरा थांबलो. बाकीचे माझ्याकडे बघत होते. मग टाकला.