माकड आणि पाना

रात्री सगळी निजानीज झाली की मी जुन्या अॅडव्हेंचर गेमचा, म्हणजे गोष्टीत कोडी सोडवत पुढे जायच्या गेमचा, फोल्डर उघडतो आणि नुसताच नावांवरून माऊस फिरवत बसतो. पुढचा कुठला खेळायचा हे काही ठरत नाही. खेळायला आता अडचण अशी कुठलीच नाही. मूळ फाइली जपून ठेवल्या असतील तर स्कमव्हीएम हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम २००१ पासून या म्हाताऱ्यांना आजच्या संगणकांवर चालवतो आहे. अडचण माझ्या डोक्यात आहे. या गेममधली गंमत अडकण्यात असते, आणि उत्तरं आठवत असतील तर अडकायचं कसं?

गेल्या महिन्यात ‘डे ऑफ द टेंटॅकल’ लावला. १९९३ चा. तीन मित्र तीन काळांत विखुरलेत, एक आजमध्ये, एक दोनशे वर्षं मागे, एक दोनशे वर्षं पुढे. त्यातलं हॅमस्टरचं, म्हणजे छोट्या पाळीव उंदराचं, कोडं मला तोंडपाठ निघालं. आजच्या काळात त्याला फ्रीझरमध्ये ठेवायचं, दोनशे वर्षांनी मैत्रिणीने त्याला बाहेर काढून मायक्रोवेव्हमध्ये शेकायचं. (गेममध्येच. कृपया.) तरी तो कुडकुडतो, मग त्याला स्वेटर हवा. स्वेटर माणसाच्या मापाचा. तो ड्रायरमध्ये टाकून एवढी नाणी भरायची की यंत्र दोन शतकं फिरत राहील आणि स्वेटर आटून हॅमस्टरच्या मापाचा होईल. पहिल्यांदा हे सुटलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो होतो. या वेळी पाढे म्हटल्यासारखं करत गेलो आणि दोन रात्रींत गेम संपला. हसू आलं, पण ते ओळखीचं हसू.

मग ‘मंकी आयलंड २’. तिथे तर हसूही आलं नाही. धबधबा थांबवायला पंप बंद करायचा आहे, त्यासाठी पाना हवा, आणि गेमभर शोधलं तरी पाना नाही. एका बारमध्ये मात्र एक माकड पियानो वाजवत बसलंय. त्याच्या मेट्रोनोमवर (ठेका धरणाऱ्या, काटा डुलवणाऱ्या यंत्रावर) केळं ठेवलं की ते डुलणाऱ्या केळ्याकडे टक लावून थिजतं. मग त्याला उचलायचं, खिशात घालायचं आणि पंपाला पाना म्हणून लावायचं. का? तर अमेरिकेत एका जातीच्या पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. ज्याच्या भाषेत पाना हा नुसता पाना असतो त्याने काय करावं? खुद्द ब्रिटनमध्ये स्पॅनर म्हणतात, म्हणजे तिथलेही अडकले असणार. मी त्या काळी पाना शोधत बेटाबेटांवर किती दिवस भटकलो ते सांगवत नाही.

‘किंग्ज क्वेस्ट ५’ तर त्याहून बेरकी. डोंगरात नायकाला भूक लागते, जवळ कस्टर्ड भरलेला ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ असतो, भुकेला माणूस खाणारच. गेम काही बोलत नाही. पुढे यती समोर येतो, तेव्हा कळतं की तो पदार्थ त्याच्या तोंडावर फेकायचा होता. आधी कुठे गेम सेव्ह करून ठेवला नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ‘ब्रोकन स्वोर्ड’मधली बकरी! तिने धडक मारल्यावर ती मागे वळते तेवढ्या क्षणात शेतीच्या अवजारावर क्लिक करायचं. त्याआधी अख्ख्या गेममध्ये घाई म्हणून कशाची नसते.

हे लिहिताना एक गोष्ट ध्यानात येते आहे. हॅमस्टर सोडला तर मला आठवतात ती सगळी अन्यायाची कोडी. जिथे गेमने सरळ वागून खुणा समोर ठेवल्या होत्या, तिथलं काही आठवत नाही. सुटलं आणि विरून गेलं. माझी स्मरणशक्ती भांडखोर आहे एवढंच यातून निघतं, पण निवडीला ते सोयीचं आहे. जो गेम आवडल्याचं पक्कं आठवतं आणि तपशील शून्य, तो घ्यायचा.

‘ग्रिम फँडँगो’ या कसोटीवर पडला, कारण तिथल्या फोर्कलिफ्टशी माझा जुना दावा आहे. ‘मिस्ट’ही बाद. त्यातल्या अवकाशयानात कानाने सूर जुळवावे लागतात, आणि माझे कान ज्या दर्जाचे आहेत त्यामुळे ती संध्याकाळ मी जन्मात विसरणार नाही. उरला त्याचाच पुढचा भाग, ‘रिव्हन’. १९९७ चा, तेव्हा पाच सीडींवर यायचा. एका बेटावरून दुसऱ्यावर गेलं की सीडी बदला. एका ओसाड शाळेतल्या लाकडी खेळण्यावरून तिथले आकडे शिकायचे, एवढंच अंधूक आठवतं. आकडे कसे होते ते गेलं.

खात्री करायला कपाटातून तेव्हाची वही काढली. त्या काळी वहीशिवाय हे गेम खेळताच यायचे नाहीत. नाहीतर सूचनांची पुस्तकं विकत घ्यायची. इन्फोकॉम या गेम कंपनीवाले तर उत्तरं अदृश्य शाईत छापायचे आणि खास पेन फिरवला की एकेक ओळ उमटायची. पहिली ओळ नुसता इशारा, पुरे झालं तर तिथेच थांबा. आताचा वॉकथ्रू, म्हणजे गेमची पायरीपायरीने लिहिलेली उत्तरं, एका झटक्यात सगळं ओकतो, म्हणून तो उघडायचा नाही असं स्वतःला बजावलंय.

वहीत एका पानावर चौकोनात चौकोन, आत तिरक्या रेघा. खाली माझ्याच अक्षरात: ‘बेडूक ऐकला. पण डोळा कुणीकडे??’ आणि त्याखाली दोनदा अधोरेखित केलेलं ‘अरे हो!’

कशाला ‘अरे हो’, काही केल्या आठवत नाही. वही मिटून परत कपाटात टाकली, नवी काढली आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.