खोकला थांबला तरी खोगीर नाही

घोड्याच्या फ्लूचा खोकला एकदा ऐकला की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. धुळीची ढास चारा खाताना दोन-चारदा येते आणि थांबते. हा खोकला कोरडा आणि खोल असतो, घोडा मान खाली घालून अख्खं अंग हलवत खोकतो. पण खोकल्याच्याही आधी ताप येतो. आमच्या पागेत एका तरुण घोडीने संध्याकाळची चंदी अर्धी टाकली. मोतद्दार म्हणाला, "ताई, हिचं काहीतरी बिनसलंय." थर्मामीटर लावला तर पारा 40 अंश सेल्सिअसच्या वर. निरोगी घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश असतं. नाकातून पाणी गळत होतं. रात्री खोकला सुरू झाला आणि सकाळी शेजारच्या ठाणावरूनही तोच आवाज आला.

इतक्या वेगाने पसरणारं दुसरं काय असणार? तरी डॉक्टरांनी जबड्याखालच्या गाठी चाचपल्या. स्ट्रँगल्स या घोड्यांच्या जिवाणूजन्य आजारात त्या मोठ्या होऊन पिकतात, इथे जेमतेम सुजल्या होत्या. पीसीआर तपासणीसाठी नाकात खोलवरून नमुना घेतला. तो सुरुवातीलाच घेतलेला बरा, कारण विषाणू पहिल्या काही दिवसांत भरपूर सापडतो. अहवाल आला, एच3एन8, म्हणजे फ्लूच्या विषाणूचा एक प्रकार. घोड्यांमध्ये हा प्रकार 1963 मध्ये मायामीत पहिल्यांदा सापडला आणि आजही जवळपास सगळीकडे हाच फिरतो. 2004 मध्ये फ्लोरिडात तो शर्यतीच्या कुत्र्यांनाही झाला होता. हे कळल्यावर पागेतला कुत्रा आम्ही घरात बांधला.

अहवालाची वाट पाहत मात्र बसलो नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते तीन दिवस पुरतात. फाटक बंद केलं. घोडा आत नाही, बाहेर नाही, नालबंदालाही येऊ नका म्हणून कळवलं. बादल्या, खरारे, लगाम वेगळे केले. आधी निरोगी घोड्यांचं काम, मग आजाऱ्यांचं, आणि मध्ये साबणाने हात धुवायचे, कपडे बदलायचे. विषाणू तसा नाजूक, साबणाने आणि नेहमीच्या जंतुनाशकांनी मरतो. पण खोकल्याच्या तुषारांतून तो बरंच अंतर हवेतून जातो, त्यामुळे नुसती बादली वेगळी करून भागत नाही. प्रत्येक घोड्याचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजून दारावर खडूने लिहायचा, हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी उद्योग. पुढचे आजारी घोडे खोकण्याआधीच त्या आकड्यांनी दाखवले.

आजार बहुधा आणला तो नुकत्याच बाहेरून आलेल्या, लस घेतलेल्या घोड्याने. त्याला फक्त जरासं नाक गळलं होतं. लसीमुळे आजार सौम्य होतो, विषाणू बाहेर पडणं कमी होतं, पण दर वेळी पूर्ण थांबत नाही.

"एक इंजेक्शन द्या ना," असं सगळेच म्हणत होते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. डॉक्टरांनी ताप उतरवायचं औषध दिलं आणि अँटिबायोटिक फक्त एकाला, कारण त्याचा उतरलेला ताप पुन्हा चढला आणि नाकातून घट्ट पिवळा स्राव येऊ लागला. बाकीच्यांना स्वच्छ हवा, धूळ नसलेलं अंथरूण आणि भिजवलेलं गवत. तेही जमिनीवरच, म्हणजे मान खाली राहते आणि श्वासमार्गातला कफ बाहेर वाहतो.

खरी लढाई त्यानंतरची. श्वासनलिकेच्या अस्तरावर झाडूसारखे बारीक केस असतात. विषाणू ते अस्तरच उद्ध्वस्त करतो आणि ते पुन्हा तयार व्हायला किमान तीन आठवडे लागतात. म्हणून नियम असा की जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती, आणि कमीत कमी तीन. घोडी मात्र खोकला थांबताच आवारात उधळायला लागली. तिचा स्वार रोज खोगीर घेऊन हजर! घाई केली तर जुनाट खोकला जडतो, फुप्फुसात संसर्ग होतो, क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, हे त्याला रोज नव्याने सांगावं लागे. मुदत संपल्यावर आधी हातात धरून चालवलं. मग दुडकीवर नेलं तर ती खोकली, तेव्हा पुन्हा आठवडाभर नुसतं चालणं.

आता बाहेरून येणारा घोडा, लस असो वा नसो, दोन आठवडे वेगळ्या ठाणावर राहतो, आणि त्याच्याही दारावर खडूने आकडे लिहिले जातात.